लाल घरात आधी तुम्ही!

नंदाचं लग्न जमावं म्हणून घरातल्या कुणीतरी हरायचं असं ठरलं, तेव्हा ती जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

तशी बाकीचीही सगळी कामं माझ्यावरच असत. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत कुठलंही कार्य निघालं, की मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून यादी करायची आणि एकेक काम खोडत जायची. त्या वेळच्या यादीत 'खोबरं खवणे' आणि 'दिवाणावरची चादर बदलणे' यांच्या मधोमध मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'हरणे.' ते एक सोडून बाकी सगळं वेळेत खोडून झालं.

नंदा म्हणजे माझी नणंद. शाळेत गणित शिकवायची. एकोणतिसावं लागलेलं, आणि तोवर तिला बघून गेलेल्या मंडळींनी आमच्याकडचे पोहे एवढे खाल्ले होते की कोपऱ्यावरचा वाणी मी दिसले की न विचारता पोह्यांचा डबा उघडायचा. दर वेळी ती निमूटपणे साडी नेसायची, ट्रे आणायची, आणि नकार आला की दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला बसायची. पण गोरेगावच्या परुळेकरांचं स्थळ आलं तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, मिलिंदशी मी बोललेय. सुलभाच्या लग्नात. दोन तास."

"दोन तास? आणि आम्हाला वाटलं तू पंगतीत वाढतेयस!"

"वहिनी, ऐक ना. ह्या वेळी मला मनापासून हवंय. काही गडबड होऊ देऊ नकोस गं."

नंदाने आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे शब्द दिला.

गडबडीची शक्यता होती ती मुलाच्या वडिलांमुळे. आमचे भाऊकाका, म्हणजे यजमानांचे मामेकाका, घाटकोपरला राहत आणि निवृत्तीनंतर हौसेने लग्नं जमवत. त्यांनी येऊन बातमी दिली, की परुळेकरांना इंग्रजी शब्द जुळवायच्या पटाचं विलक्षण वेड आहे. कुठेही गेले तरी तो खोका काखेत. मुलगी बघायला गेले तरी आधी तिच्या घरच्यांशी एक डाव. "माणूस पटावर कळतो," असं त्यांचं म्हणणं.

"मग झकासच की!" मी म्हटलं. कारण तोच पट आमच्याही घरी होता.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिशवीतून सात अक्षरं काढायची, आपल्यापुढच्या लाकडी पट्टीवर लावायची आणि पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचे. ए, ई, टी ही रोजच्या वापरातली अक्षरं, एकेका गुणाची. क्यू आणि झेड म्हणजे पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेल्या कपबश्या, दहा-दहा गुणांच्या! आणि पटाच्या कडेला काही लाल घरं. शब्द तिथे पोचला की त्याचे सगळे गुण तिप्पट.

आमच्या यजमानांनी हा खेळ इंग्रजी सुधारावं म्हणून आणला होता. ते चांदणं, एकांत, वियोग अशा अर्थाचे लांबलचक शब्द लावून खुर्चीत मागे रेलायचे. गुण नऊ. मी शेजारच्या कोपऱ्यात दोन अक्षरं अशी खोचायची की ती आडवीही मोजली जायची आणि उभीही. गुण एकतीस. चांगली अक्षरं लाल घरासाठी राखायची, 'एस' तर शेवटपर्यंत हातात ठेवायचा आणि समोरच्याच्या मोठ्या शब्दाच्या शेपटीला चिकटवून त्याचे सगळे गुण आपल्या खात्यात घ्यायचे, ही माझी पद्धत.

"शैला, हा खेळ आहे. भाजीबाजार नव्हे," ते म्हणायचे.

"बाजार असता तर तुम्हाला पाठवलंच नसतं!"

(त्यामुळे मी सहसा हरत नसे. एकदाच भाऊकाका नशिबाने जिंकले होते. त्या दिवशी मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला असं ते अजून सगळीकडे सांगत फिरतात. साखर घालायला विसरले होते, इतकंच.)

"झकास नाही, शैला," भाऊकाकांनी आवाज खाली आणला. "परुळेकरांना हरणं सहन होत नाही. माणूस देवासारखा, पण हरला की चेहरा असा पडतो की पुढे बोलणीच होत नाहीत. तेव्हा त्यांना जिंकू द्यायचं. पण मुद्दाम हरताय हे कळता कामा नये. समजलं?"

समजलं. लगेच दुसऱ्या दिवशी आम्ही हरण्याची रंगीत तालीम घेतली. यजमान परुळेकर झाले आणि मी मी. त्यांनी पहिल्याच फटक्याला 'संध्याकाळ' या अर्थाचा काहीतरी काव्यमय शब्द लावला. मी हरण्याचा अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. तरी चाळीस गुणांनी जिंकले!

"तुला जमणार नाही. मी बसतो खेळायला," यजमान म्हणाले.

"तुम्ही चांदणं लावत बसाल आणि चुकून ते लाल घरात जाईल. त्यापेक्षा तुम्ही पाहुण्यांशी बोला. हवा, पाणी, महागाई. ह्याच्या बाहेर जायचं नाही."

रविवार उजाडला. माझा बेत असा : पाचला पाहुणे, मग पोहे आणि खोबऱ्याच्या वड्या, मग चहा, मग अर्ध्या तासाचा डाव, त्यात माझा सुबक पराभव, मग बोलणी आणि साडेसातला निरोप. सासूबाईंना खोलीतल्या खुर्चीवर बसवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण डाव कुठलाही असो, त्या बघायला पुढे असत.

परुळेकर आले. उंच, गोरे, पांढऱ्या मिशा आणि खरोखरच काखेत खोका. सोबत त्यांची हसतमुख पत्नी आणि मिलिंद. मिलिंद दारातच अडखळला, कारण त्याची नजर चपलांकडे नसून पडद्याकडे होती. मागून भाऊकाका, दोन्ही पक्षांकडे बघून आळीपाळीने मान डोलावत.

पोहे संपले. वड्यांच्या बशीत एकच वडी उरली.

"घ्या ना ती," मी म्हटलं.

"छे छे, तुम्ही घ्या."

"पाहुणे तुम्ही!"

"झालं हो पोटभर. ह्यांना द्या."

बशी फिरत फिरत परत मध्यभागी आली आणि वडी तिथेच राहिली. सगळ्यांच्याच घरी राहते. त्यात विशेष काही नव्हतं. पण पुढे काय वाढून ठेवलंय याची ती सूचना होती, हे मात्र मला कळलं नाही.

पट मांडला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला परुळेकर. मी पिशवीत हात घातला आणि पहिल्याच सात अक्षरांत क्यू आला! एरवी मी मनात फुगडी घातली असती. आज मी तो पट्टीच्या टोकाला सरकवला आणि 'टू' हा शब्द लावला. टी आणि ओ. दोन अक्षरं. यापेक्षा दरिद्री सुरुवात मला सुचेना.

परुळेकरांनी चष्मा वर केला, पट्टीकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि त्याच 'ओ'ला चिकटून 'ऑन' लावला.

'एवढा निष्णात माणूस,' मला वाटलं, 'अक्षरंच वाईट आलेली दिसतात.' दया येऊन मी 'नो' लावला. त्यांनी 'ऑर' लावला. आमचे शब्द बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखे पायऱ्यापायऱ्यांनी पटाच्या कडेकडे सरकू लागले. मध्येच पिशवीतून मला झेड आला. क्यू आणि झेड, दोन्ही माझ्याकडे! आयुष्यात पहिल्यांदा. कपाळाला घाम फुटला.

"काय उकडतंय नाही?" यजमान म्हणाले. (हवा. ठरल्याप्रमाणे.)

तासाभराने गुण झाले एकोणतीस आणि अठ्ठावीस. मी एकाने पुढे! मग मी हुकमी उपाय काढला. अस्तित्वातच नसलेला शब्द लावायचा. त्यांनी हरकत घेतली की माझी पाळी फुकट, गुण शून्य. मी बिनदिक्कत 'ब्लिग' लावला.

परुळेकरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"वा!" ते म्हणाले. "छान शब्द."

"बाबा, ब्लिग म्हणजे काय?" मिलिंदने विचारलं. त्याच्या आईने त्याच्या पायावर पाय दिला. मला दिसला.

"एक प्रकारची... होडी असते," मी म्हटलं.

"जुनी होडी," परुळेकरांनी दुजोरा दिला. "हल्ली फारशी दिसत नाही."

आता मी आणखी पुढे गेले! मी घाईने म्हटलं, "माझी पुढची पाळी सोडली. तुम्ही खेळा."

"मग मीही सोडतो."

"अहो, तुम्ही कशाला?"

"तुम्ही सोडलीत, मग मी कसा खेळू? बरं दिसत नाही ते."

साडेसात वाजून गेले. निरोपाची वेळ टळली होती आणि आता जेवायला थांबा म्हणणं भाग होतं. म्हटलं. ते नको म्हणाले, मी आग्रह केला, ते परत नको म्हणाले आणि थांबले. यजमानांना मी खुणेने आत पाठवलं. ते पिठलं टाकायला गेले आणि लगेच बाहेर आले.

"शैला, गॅस संपला."

"दुसरा लावा."

"दुसराच होता तो."

मग शेजारच्या कुलकर्ण्यांच्या गॅसवर भात, खालच्या मजल्यावर पिठलं, आणि यजमान दोन्हीकडे धावताहेत अशी व्यवस्था झाली. मी खेळ सोडून उठू शकत नव्हते, कारण अर्धवट सोडलेल्या डावात मी पुढे होते!

आणि तेव्हा परुळेकरांनी ती चाल केली. त्यांनी 'इट' असा उभा लावला, की त्यातला आय नेमका पटाच्या वरच्या कडेवर, लाल घरापासून दोन घरांवर येऊन बसला. माझ्या पट्टीवर क्यू, यू आणि झेड होते. त्या आयच्या आधी क्यू-यू, नंतर झेड. 'क्विझ'! आणि क्यू बरोबर लाल घरात!

परुळेकरांनी पट दोन्ही हातांनी माझ्याकडे थोडा सरकवला. अगदी बशी सरकवावी तसा.

"घ्या, वहिनी."

"छे छे, तुम्ही घ्या."

"अहो, तुमच्यासाठीच मोकळं ठेवलंय."

"माझ्याकडे काही नाहीच हो तसं," मी म्हटलं आणि पट्टीवर हात आडवा धरला. "तुम्ही मोठे. आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही यजमान."

"तुम्ही पाहुणे!"

"काय ता लाल घर!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "कोणाकच नको तर मगे मांडलास कित्या? कोण तरी घेवन टाका रे बाबांनो, जेवणा थंड होतहत!"

(जेवण थंड होत नव्हतं. जेवण दोन वेगवेगळ्या मजल्यांवर शिजत होतं.)

मी उजवीकडच्या कोपऱ्यात 'अॅट' लावला. परुळेकरांनी सुस्कारा सोडून डावीकडे 'इन' लावला. लाल घर मोकळंच राहिलं. शेजारी बशीत वडीही. सगळी खोली त्या दोन्हींकडे बघत बसली. मिलिंद घामाघूम. भाऊकाका छताकडे बघत. परुळेकरांचा चेहरा खरंच पडत चालला होता. माझ्या डोळ्यांपुढे आली पेपर तपासत बसलेली नंदा आणि मी दिलेला शब्द.

नंदा माझ्या पाठीमागे चहाचा तिसरा ट्रे घेऊन उभी होती. एकदम ट्रे टेबलावर आदळल्याचा आवाज झाला.

"पुरे!" ती म्हणाली. "वहिनी, हात काढ."

"नंदा, आत जा बघू."

"हात काढ म्हटलं ना! कधीची बघतेय मी. क्यू आणि झेड दोन्ही घेऊन बसलीयेस, लाल घर रिकामं, आणि तू अॅट लावतेस? अॅट? माझ्या सातवीतल्या पोरांनी असं केलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं त्यांना!"

आणि तिने माझ्या पट्टीवरची अक्षरं उचलली आणि पदर खोचून, टक् टक् टक् करत लावली. क्यू. यू. झेड.

"दहा नि एक अकरा, नि एक बारा, नि दहा बावीस. बावीस त्रिक सहासष्ट! लिहा."

कुणी लिहिलं नाही. पेन्सिल परुळेकरांच्या हातात होती आणि ते नंदाकडे बघत होते. तिला आता भान आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मी डोळे मिटले. मनातल्या मनात पोह्यांचा डबा उघडला.

"सुटलो एकदाचा!" असा आवाज आला.

मी डोळे उघडले. परुळेकर खो खो हसत होते. त्यांनी आपली पट्टी उलटी करून सगळ्यांना दाखवली. एक्स, जे, कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी सोंगटी आणि दोन-दोन एस! देवाशप्पथ सांगते, इतकी श्रीमंत पट्टी मी जन्मात पाहिली नव्हती.

"हे सगळं घेऊन तुम्ही 'इन' लावत होतात?" माझा आवाज चिरकला.

"मग काय करणार? तीन तास हरायचा प्रयत्न करतोय, वहिनी! आयुष्यात इतका दमलो नाही. तुम्ही हरूच देईनात!"

"पण तुम्ही कशाला हरत होतात?"

आधी परुळेकरांची मान वळली. पाठोपाठ त्यांच्या पत्नीची. मग सगळ्यांच्या माना हळूहळू भाऊकाकांकडे वळल्या. भाऊकाका छत्री शोधत होते.

"त्यांनी सांगितलं होतं," परुळेकरांच्या पत्नी चाचरत म्हणाल्या, "की तुम्हा नेरुरकरांकडे एका व्यक्तीला हरणं अजिबात सहन होत नाही. माणूस देवासारखं, पण हरलं की पुढची बोलणीच होत नाहीत. आम्हाला वाटलं, तुमच्या सासूबाईच असतील. म्हणून आधी त्यांनाच बसवा म्हणणार होतो. तर त्या म्हणे खेळतच नाहीत."

खोलीतल्या सगळ्यांनी आता माझ्याकडे बघितलं. माझे यजमानसुद्धा, हातात खालच्या मजल्यावरचं पिठलं घेऊन.

"काही काय!" मी म्हटलं. "मला हरण्याचं काहीच वाटत नाही. भाऊकाका, मी कधी तरी...?"

"मगे? खोटा काय सांगल्यान?" सासूबाई म्हणाल्या.

मिलिंद मात्र या कशातच नव्हता. तो पटावर वाकून नंदाला हळूच सांगत होता, "झेडच्या खालचं घर रिकामं आहे, बघितलंस? तिथे ओ आला तर...."

"कधीच बघितलंय," नंदा म्हणाली.

परुळेकरांनी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. "आमच्याकडून ठरलं," ते म्हणाले. "घरात एक तरी खेळणारं माणूस हवं. तुम्ही म्हणाल तो मुहूर्त." आणि त्यांनी हात लांब करून बशीतली ती शेवटची वडी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली!

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नंदा आत पळाली. मी तिच्या मागे गेले, तर ती बंद गॅसच्या शेगडीपाशी उभी राहून रडत होती आणि हसतही होती. "सॉरी वहिनी, मला राहवेचना गं," म्हणाली. मी म्हटलं, "वेडी आहेस का? सहासष्ट म्हणजे काय थोडे?" मग आम्ही दोघीही रडलो. गॅस नव्हता, त्यामुळे करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

पिठलं-भात झाल्यावर परुळेकर म्हणाले, "आता एक खरा डाव होऊन जाऊ दे. कुणी कुणाला काही सोडायचं नाही."

मला तेच हवं होतं. संध्याकाळभर दाबून ठेवलेली माझी सगळी विद्या मी बाहेर काढली. कोपरे अडवले, एस राखले, आडवं-उभं दोन्ही मोजलं. परुळेकर माझ्याहून सवाई. पण नंदा आणि मिलिंद एका पट्टीवर दोघं मिळून खेळत होती, कुजबुजत, हसत, एकमेकांच्या हातातली अक्षरं ओढत. आणि त्या दोघांनी आम्हा दोघांनाही असं धुतलं की मोजायला कागद पुरला नाही. परुळेकर दुसरे. मी शेवटची. खरीखुरी, रीतसर, काहीही न ठरवता हरले.

"वाईट नाही ना वाटलं, वहिनी?" परुळेकरांनी काळजीने विचारलं.

"छे! मला काय त्याचं? खेळच तर आहे!" मी हसून म्हटलं आणि कॅलेंडरच्या पानावरचं 'हरणे' सगळ्यांसमोर खोडलं. मग कुलकर्ण्यांच्या गॅसवर निरोपाचा चहा केला आणि सगळ्यांना आग्रहाने दिला. सर्वांत आधी भाऊकाकांना. शेवटी लग्न त्यांनीच जमवलं होतं!

भाऊकाकांनी एक घोट घेतला, कप हळूच बशीत ठेवला आणि परुळेकरांकडे बघून नुसती मान डोलावली.

विसरले होते हो. खरंच!